चाकणची पोलो जीटी, दहा वर्षांनंतर
गाडीचं वय : भाग ७

जुनी गाडी स्वस्त होते, तिचे स्पेअर पार्ट मात्र स्वस्त होत नाहीत. गेले काही आठवडे आपण साध्या, घरच्या वापराच्या गाड्या पाहिल्या. तिथे हा फरक फारसा बोचत नाही. तो बोचतो जोरात पळायलाच बनवलेल्या छोट्या गाडीत, आणि आपल्याकडे त्याचं ठळक उदाहरण म्हणजे फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय.

ही गाडी पुण्याजवळ चाकणला तयार झाली. एप्रिल २०१३मध्ये ती आली तेव्हा दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत होती ७ लाख ९९ हजार रुपये. ११९७ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क आणि सात गिअरचा ऑटोमॅटिक डीएसजी. पूर्ण टॉर्क १५०० आरपीएमलाच हाती यायचा, त्यामुळे खंबाटकीच्या चढावर ट्रक ओलांडताना अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवला की काम व्हायचं. त्या किमतीत असं दुसरं काही मिळत नव्हतं, हे मी आजही ठामपणे म्हणेन. २०२०मध्ये जीटीला एक लिटरचं इंजिन आणि वेगळा गिअरबॉक्स आला, २०२२मध्ये भारतातली पोलोच बंद झाली. म्हणजे डीएसजीवाली प्रत्येक पोलो आता निदान पाच-सहा वर्षांची आहे आणि पहिल्या गाड्यांनी बारा वर्षं ओलांडली आहेत. मूळ किमतीच्या निम्म्यात किंवा त्याहून कमीत त्या मिळतात, आणि तरुण मुलं त्या हौसेनं घेतात. या लेखाचा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी आहे.

सुरुवात गिअरबॉक्सपासूनच करायला हवी, कारण खर्चाची सगळी गोष्ट तिथेच फिरते. या डीएसजीचं कारखान्यातलं नाव डीक्यू२००. त्यात दोन क्लच असतात, एक विषम गिअरसाठी आणि एक सम गिअरसाठी. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच तयार असतो, म्हणून गिअर पडलेला कळतही नाही. पण हे क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. घासले की तापतात आणि ती उष्णता वाहून न्यायला तिथे तेल नसतं. मोकळ्या रस्त्यावर याचा काही त्रास नाही. सिंहगड रोडवर संध्याकाळी सात वाजता गाडी पावलापावलानं सरकते, तेव्हा दर वेळी क्लच अर्धवट लागतो, घसरतो, सुटतो. जर्मनीत आखलेल्या यंत्राची खरी परीक्षा आपल्या ट्रॅफिकमध्ये होते.

क्लच चालवणारं युनिट म्हणजे मेकॅट्रॉनिक. पंप, प्रेशर साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्युटर, सगळं एकाच ठोकळ्यात. अ‍ॅक्युम्युलेटर बसतो तिथली बॉडी उच्च दाबानं तडकते, तेल गळतं, दाब बनत नाही. मग डॅशबोर्डवर गिअरची खूण लुकलुकायला लागते आणि गाडी आहे तिथेच उभी. अशी वेळ भर चौकात येते तेव्हा टोइंगशिवाय इलाज नसतो. पूर्ण मेकॅट्रॉनिक बदलायचं तर बिल लाखाच्या वर जातं, म्हणजे तीन-चार लाखांच्या गाडीला एका दुरुस्तीत पाव-तृतीयांश किंमत पुन्हा मोजायची. आता अनेक शहरांत खासगी गॅरेजवाले युनिट उघडून फक्त फुटलेला भाग बदलतात. हा मार्ग बराच स्वस्त पडतो. माझा कल याच मार्गाकडे आहे, फक्त काम करणाऱ्यानं आधी अशी किती युनिटं उघडली आहेत हे विचारून घ्या.

हा दोष एकट्या भारताचा नाही. मार्च २०१३मध्ये चीनच्या सरकारी वाहिनीनं याच डीएसजीवर कार्यक्रम केला आणि कंपनीला तिथल्या ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. जीटी टीएसआय भारतात आली ती पुढच्याच महिन्यात. त्याच वर्षी नोव्हेंबरात जगभरच्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या सात गिअरच्या डीएसजीतलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरण्याचं ठरलं. उष्ण आणि दमट हवेत, सतत थांबत-चालत राहिलं की त्या तेलामुळे विजेचा बिघाड होण्याची शक्यता होती. २०१३ची गाडी घेत असाल तर हे काम झालं होतं का, ते सर्व्हिसच्या नोंदींत बघाच.

चालवताना एक सवय फार पैसे वाचवते. ट्रॅफिकमध्ये ब्रेक हलका ठेवून गाडी रांगू देऊ नका. पुढच्या गाडीला थोडं अंतर जाऊ द्या, तोवर ब्रेक पूर्ण दाबून थांबा, म्हणजे क्लच सुटलेला राहतो. मग एकदम दोन-चार गाड्यांइतकं अंतर पुढे जा. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं म्हणजे क्लच स्वतःच्या हातानं जाळणं आहे.

इंजिन त्या मानानं सोशिक आहे. फोक्सवॅगनच्या १.२ टीएसआयच्या दोन पिढ्या आहेत, आधीच्या ईए१११ला टायमिंग चेन, नंतरच्या ईए२११ला बेल्ट. आपल्या गाडीत कोणतं ते इंजिन नंबरवरून पक्कं करून घ्या. चेन असेल तर सकाळी थंड इंजिन सुरू करताना पहिले काही सेकंद कान देऊन ऐका. खडखड आली तर टेन्शनर ढिला आहे आणि पुढचा खर्च फार लांब नाही. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असल्यानं इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, त्यावर कार्बन बसतो. आयडलिंगला थरथर, पिकअपमध्ये मंदपणा दिसला तर इनटेक उतरवून ते साफ करावे लागतात. बाकी लिंक रॉड, बुश, शॉकअप हे आपल्या रस्त्यांवर कोणत्याही गाडीचे जातातच.

विक्रेत्याला रीमॅपबद्दल स्पष्ट विचारा. सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं या गाडीच्या मालकांत बरंच चालतं. डीक्यू२०० मुळात २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी आखलेला आहे, त्यामुळे कारखान्याच्या १७५वर त्याला श्वास घ्यायला जागा असते. रीमॅप ती जागा खाऊन टाकतो. विकण्याआधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकलेलंही असू शकतं. म्हणून मी क्लचच्या झिजेची रीडिंग स्कॅनरवर बघितल्याशिवाय व्यवहार करू नये असं सांगतो.

विम्याचा हिशेब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. थर्ड पार्टीचा हप्ता जून २०२२पासून १००० ते १५०० सीसीच्या गाडीला ३४१६ रुपये, वर जीएसटी. ही रक्कम मोठी नाही. पण गाडी पाच वर्षांपलीकडे गेली की धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापला जातो, दहा वर्षांनंतर ५० टक्के. रबर, प्लॅस्टिक आणि नायलॉनच्या भागांवर तर वय कितीही असो, ५० टक्के. झिरो डेप्रिसिएशन एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. बंपर, हेडलाइट, फेंडर असा समोरचा किरकोळ अपघात झाला तरी पार्टचा अर्धा खर्च तुमच्या खिशातून जातो, आणि तो अर्धाही युरोपीय गाडीच्या दरानं.

पेट्रोलचंही बदललं आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं आणि या गाड्या त्यासाठी बनल्या नव्हत्या. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच अशा जुन्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. मला मायलेजपेक्षा रबरी पाइप आणि सीलची काळजी जास्त वाटते. सर्व्हिसच्या वेळी फ्युएल लाइन हातानं चाचपून बघायला सांगा.

२०१३च्या गाड्यांची नोंदणी २०२८मध्ये संपेल. पुढच्या पाच वर्षांसाठी आरटीओची तपासणी, ५००० रुपयांची पुनर्नोंदणी फी आणि महाराष्ट्रात हरित कर असं सगळं एकाच वेळी येईल. आज अशी गाडी घेणाऱ्यानं ती रक्कम आणि मेकॅट्रॉनिकच्या दुरुस्तीचे पैसे वेगळे काढूनच किंमत बोलावी. ते जमत असेल तर घाटात ही गाडी अजूनही मन भरून आनंद देते. पुनर्नोंदणीच्या तपासणीत आरटीओ नेमकं काय बघतं, ते पुढच्या आठवड्यात.