परिचारिका आणि श्वासनलिकेतील नळी : प्रत्यक्ष व व्हिडिओ लॅरिंगोस्कोपीचा तुलनात्मक विचार

प्रास्ताविक

स्वरयंत्राच्या दर्शनाचा इतिहास एका शिक्षकापासून सुरू होतो. गायनशिक्षक मॅन्युएल गार्सिया यांनी आरशांच्या साहाय्याने स्वतःचेच स्वरयंत्र हलताना पाहिले आणि १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपली निरीक्षणे मांडली. १८९५ मध्ये आल्फ्रेड किर्स्टाइन यांनी बर्लिन येथे आरशाविना, थेट नजरेने स्वरयंत्र पाहण्याची रीत दाखवली. १९४३ मध्ये रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी प्रसिद्ध केलेले वक्र पाते आजही जगभर वापरले जाते. २००१ मध्ये कॅनडातील शल्यविशारद जॉन पेसी यांचा ग्लाइडस्कोप बाजारात आला आणि पात्यावर कॅमेरा बसला. आता प्रश्न असा की, परिचारिकेला हे काम शिकवायचे तर तिच्या हाती कोणते साधन द्यावे?

कृती आणि तिच्यातील धोका

रुग्णाला स्वतःहून पुरेसा श्वास घेता येत नसेल तर तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घालावी लागते. भुलीची व स्नायू शिथिल करणारी औषधे दिल्यावर श्वास थांबतो, आणि तेथून प्रत्येक मिनिट मोलाचे ठरते. प्राणवायू न मिळाल्यास काही मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ शकते. श्वासनलिकेच्या मागेच अन्ननलिका असते. नळी चुकून तिच्यात गेली आणि ते वेळीच कळले नाही, तर रुग्ण दगावू शकतो. प्रयत्नांची संख्या वाढेल तसा धोकाही वाढतो. म्हणूनच ‘पहिल्याच प्रयत्नात यश’ ही संशोधनातील महत्त्वाची कसोटी मानली जाते.

दोन पद्धतींतील फरक

प्रत्यक्ष पद्धतीत डोळा आणि स्वररज्जू यांच्यामध्ये सरळ दृष्टिरेषा मिळवावी लागते. त्यासाठी मानेची व डोक्याची योग्य ठेवण, जिभेला बाजूला सारणे आणि पाते पुढे-वर उचलणे या तिन्ही गोष्टी साधाव्या लागतात. दातांचा आधार घेऊन पाते तरफेसारखे फिरवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

व्हिडिओ पद्धतीत कॅमेरा पात्याच्या टोकाजवळ असल्यामुळे वळणापलीकडचे दृश्य पडद्यावर दिसते. मात्र दिसणे आणि नळी जाणे या भिन्न गोष्टी आहेत. अधिक वाकड्या पात्यांत स्वररज्जू स्पष्ट दिसूनही नळी वळणावरून नेणे अवघड जाते; तेव्हा नळीत ताठ सळई घालून तिला योग्य बाक द्यावा लागतो. रक्त, स्राव किंवा वाफ यांनी भिंग झाकले गेले तर पडदा निरुपयोगी होतो. शिवाय किंमत आणि बॅटरीची निगा हे प्रश्न आहेतच.

संशोधन काय सांगते?

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधील अतिदक्षता विभागांत ३७१ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात पहिल्या प्रयत्नातील यश व्हिडिओ पद्धतीत ६७.७ टक्के, तर प्रत्यक्ष पद्धतीत ७०.३ टक्के होते. म्हणजे व्हिडिओचा लाभ दिसला नाही. २०२२ च्या कोक्रेन आढाव्यात २२२ अभ्यास एकत्र तपासले गेले आणि कौल व्हिडिओच्या बाजूने गेला. २०२३ मध्ये अमेरिकेतील १७ आपत्कालीन व अतिदक्षता विभागांतील १,४१७ रुग्णांच्या अभ्यासात हेच प्रमाण ८५.१ विरुद्ध ७०.८ टक्के आले. मात्र गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. ‘पहिल्या प्रयत्नात यश’ आणि ‘रुग्णाचे अंतिम हित’ यांत गल्लत करू नये, हा धडा या आकड्यांत आहे.

परिचारिकांच्या संदर्भात

अमेरिकेत भूलशास्त्रात प्रशिक्षित परिचारिका हे काम नित्य करतात. आपल्याकडे ते प्रामुख्याने डॉक्टरांचे आहे. परिचारिका साधने सज्ज ठेवते, साहाय्य करते आणि रुग्णावर लक्ष ठेवते. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी अभ्यासात नळी घालणारे बहुतांश प्रशिक्षणार्थी डॉक्टर होते. त्यामुळे ते आकडे परिचारिकांना जसेच्या तसे लावणे शास्त्रशुद्ध होणार नाही. तरीही एक दुवा आहे : ज्यांचा अनुभव कमी, त्यांना व्हिडिओचा लाभ अधिक झाला. ज्यांच्या वाट्याला हे काम क्वचितच येते, त्यांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. प्रत्यक्ष पद्धतीत हात बसायला वेळ लागतो. १९९८ च्या एका अभ्यासात शिकाऊ भूलतज्ज्ञांना ९० टक्के यश गाठण्यासाठी सरासरी ५७ प्रयत्न लागले होते.

अध्यापनाच्या दृष्टीने

आपणा शिक्षकांना येथे विशेष रस वाटावा. प्रत्यक्ष पद्धतीत विद्यार्थिनीला काय दिसते ते शिक्षकाला दिसत नाही. ती ‘दिसले’ म्हणते, त्यावर विश्वास ठेवावा लागतो. पडद्यामुळे दोघे एकच दृश्य पाहतात आणि चूक घडत असतानाच सुधारता येते. तथापि पुतळ्यावरील यश म्हणजे रुग्णावरील यश नव्हे; पुतळ्याच्या घशात ना रक्त असते, ना उलटी.

समारोप

उपलब्ध पुराव्यांवरून नवशिक्यासाठी व्हिडिओ पद्धत प्रथम पसंतीची ठरते. पण पडदा बंद पडला तर हाती जुने पातेच उरते, म्हणून प्रत्यक्ष पद्धतीचे शिक्षण वगळून चालणार नाही. साधन कोणतेही असो, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजून नळी योग्य जागी असल्याची खात्री करणे अनिवार्य आहे. आणि नळी जमली नाही, तर थांबून मास्कने श्वास देणे हे कौशल्य विद्यार्थिनीच्या अंगी सर्वांत आधी बाणवले पाहिजे. रुग्ण नळीविना काही काळ तग धरू शकतो, प्राणवायूविना नाही.