थुंकलेली बी उचला!

बालमित्रांनो, मे महिन्यात कोकणात गेलात की रातांबे खाता ना? लालभडक फळ फोडायचं, आतला पांढरा आंबटगोड गर चोखायचा आणि बी... थू! गेली अंगणात. जरा थांबा. ती बी उचला पाहू. (धुऊन घ्या हं!)

रातांबा म्हणजेच कोकम. मालवणात, गोव्यात त्यालाच भिरंड म्हणतात. त्याच्या सालीचं आमसूल होतं, रसाचं आगळ होतं. उरतात बिया, एका फळात साधारण पाच ते आठ. कित्येक घरी त्या सरळ उकिरड्यावर जातात. आणि वाळलेल्या बीच्या वजनाचा जवळजवळ पाव हिस्सा असतो चक्क तेल! म्हणजे 4 किलो बियांत सुमारे 1 किलो.

ते काढायची घरगुती रीत जुनी आहे. बिया धुऊन कडक उन्हात वाळवायच्या, फोडून टरफलं काढायची, आतला मगज कुटायचा आणि तो कूट भरपूर पाण्यात उकळायचा. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर येतं. रात्रभर भांडं निवू दिलं, की सकाळी पाण्यावर पांढुरका थर धरलेला असतो. तो काढून, वितळवून, गाळून घ्यायचा आणि मुठीत दाबून त्याचे गोळे वळायचे. म्हणून कोणी याला मुठेल म्हणतं, तर कोणी भिरंडेल.

वाचायला सोपं वाटलं? पण रातांबे पिकतात ऐन पावसाच्या तोंडावर. बिया ओल्या राहिल्या तर बुरशी धरते, तेल खवट होतं. आभाळ भरून आलं की अंगणात पळापळ! आधीच आमसुलं वाळवायची घाई, त्यात बियांकडे कोण बघणार? म्हणून त्या फेकल्या जातात. कोकणातल्या बायकांना याबद्दल आळशी म्हणण्याआधी एकदा मुसळ हातात घेऊन बघा!

आता एक कोडं. मे महिन्यात खोबरेल पाण्यासारखं पातळ होतं, मुठेल मात्र घट्टच राहतं. का बरं? खोबरेल 24 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, मुठेल 40 अंशांच्या आसपास. तेलाचे रेणू म्हणजे जणू आगपेटीतल्या काड्या. मुठेलात स्टिअरिक आम्लाच्या लांब, सरळ काड्या पुष्कळ. त्या एकमेकींना चिकटून दाटीने बसतात. त्यांना सुटं करायला जास्त उष्णता लागते. खोबरेलातल्या बऱ्याचशा काड्या सरळच, पण आखूड. त्या लवकर सुटतात. शेंगदाण्याच्या तेलातल्या बहुतेक वाकड्या, त्या नीट बसतच नाहीत. म्हणून ते तेल नेहमी पातळ.

हा घट्टपणा चॉकलेटवाल्यांनीही हेरला. चॉकलेटमध्ये कोकोच्या बियांचं लोणी असतं, ते उन्हाळ्यात पाघळतं. त्यात थोडं कोकमतेल मिसळलं, तर वडी जास्त टिकते. युरोपीय संघाने 2000 साली चॉकलेटमध्ये कोकोखेरीज सहा वनस्पतींची तेलं घालायला परवानगी दिली, तीही जास्तीत जास्त 5 टक्के. त्या सहांत आपलं कोकम आहे. आंब्याच्या कोयीचं तेलसुद्धा आहे! आपण कोयी कुठे टाकतो, ते सांगायला नको.

आजीला मात्र ही यादी ठाऊक असायची गरज नाही. थंडीत टाचा फुटल्या की ती गोळा जरासा ऊन करते आणि भेगांत भरते.

यंदा बिया सुपात वाळत टाकून बघा. कुटणं-उकळणं मोठ्या माणसांबरोबरच करायचं बरं का! सुपारीएवढा गोळा निघाला तरी पुष्कळ. आजीच्या टाचा केवढ्याशा!