एकुलत्या तोफेची ‘बेंगाल’

दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीसाठी ऑस्ट्रेलियात चार माइनस्वीपर नौका बांधल्या गेल्या. बेंगाल, बॉम्बे, मद्रास आणि पंजाब. यातली ‘बेंगाल’ सिडनीच्या कोकाटू गोदीत तयार झाली आणि ऑगस्ट १९४२ मध्ये सेवेत दाखल झाली. वजन साधारण ६५० टन, लांबी ५७ मीटर, वेग ताशी १५ सागरी मैल. युद्धनौकांच्या जगात ही अगदी लहान नौका.

तिचं नेमलेलं काम समुद्रातले सुरुंग काढण्याचं. त्या काळातला नेहमीचा सुरुंग तळाशी नांगरलेला असे आणि पोलादी तारेच्या टोकाला, पाण्याच्या पृष्ठभागाखाली काही फुटांवर दबा धरून राही. माइनस्वीपर आपल्या मागे तिरकी लांबलचक तार सोडते. तारेच्या टोकाला निशाण लावलेलं तरंगतं पिंप असतं. तार बाजूला ताणून धरायला लाकडी-लोखंडी फळी असते, ट्रॉलरच्या जाळ्याचं तोंड उघडं ठेवते तशीच. ही युक्ती मासेमारीतूनच आली आहे. तारेवरच्या कात्र्या सुरुंगाची नांगरतार कापतात, सुरुंग वर उसळतो आणि खलाशी बंदुकीने गोळ्या झाडून त्याचा स्फोट घडवतात किंवा त्याला बुडवतात. पण युद्धात जहाजांचा तुटवडा इतका होता, की या नौकांना मालवाहू जहाजांची राखणही करावी लागे.

बेंगाललाही तेच करावं लागलं. नोव्हेंबर १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून निघालेल्या ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाला ती हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे सोबत देत होती. बेंगालचे कप्तान होते लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन. खलाशी बहुतेक भारतीय. युद्धापूर्वी या नौदलातले खलाशी मोठ्या प्रमाणात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान दर्यावर्दी घराण्यांतून भरती होत. युद्धात भरती देशभर फैलावली, तरी दर्याची जुनी ओळख असलेली ती माणसं नौदलाचा कणा होती.

११ नोव्हेंबरला, कोकोस बेटांच्या नैऋत्येला दोन जपानी नौका दिसल्या. ‘होकोकू मारू’ आणि ‘आइकोकू मारू’. मूळच्या प्रवासी-मालवाहू, आता व्यापारी जहाजांवर छापे घालणाऱ्या. प्रत्येकीचं आकारमान सुमारे १०,४०० टन. दोघींवर मिळून किमान डझनभर साडेपाच इंची तोफा, शिवाय टॉर्पेडो आणि समुद्री विमानं. बेंगालवर मात्र एकच मोठी तोफ होती, तीही तीन इंची.

विल्सन यांनी ओंडिनाला निसटून जायचा हुकूम दिला आणि आपली नौका सरळ शत्रूवर घातली. आपण मारले जाऊ, पण तेवढ्या वेळात तेलवाहू निघून जाईल, हा हिशेब होता. हा निर्णय कागदावर वाचताना सोपा वाटतो. पण डेकवरच्या तोफेपाशी आडोसा काहीच नव्हता. गोळा भरायचा, झाडायचा, पुन्हा भरायचा, आणि समोरून येणारे गोळे आजूबाजूला पाण्याचे खांब उडवत असायचे.

ओंडिना पळाली नाही. तिच्या मागच्या चार इंची तोफेसाठी फक्त ३२ गोळे होते. तेवढ्यावर तीही लढली. थोड्याच वेळात होकोकू मारूवर गोळा लागला, टॉर्पेडोपाशी आग पेटली, आणि मोठा स्फोट होऊन ती बुडाली. तो गोळा कोणाचा, बेंगालचा की ओंडिनाचा, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. वाद घालायला हरकत नाही, पण मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे, की शत्रूवर चालून गेली ती बेंगाल.

गोळे संपत आले तेव्हा बेंगालने धुराचा पडदा सोडला आणि ती बाजूला झाली. ओंडिना बुडाली, असं समजून ती पुढे निघून गेली. नौकेला मार बसला होता, पण माणूस एकही दगावला नव्हता.

ओंडिनाचं नशीब मात्र कठोर होतं. कप्तान विलेम हॉर्समन तोफगोळ्याने मारले गेले. खलाशी होड्यांत उतरले. आइकोकू मारूने जहाजावर टॉर्पेडो डागले आणि होड्यांवर मशीनगन चालवली, त्यात आणखी काही जण बळी पडले. टाक्या रिकाम्या असल्याने जहाज कललं, पण बुडालं नाही. जपानी निघून गेल्यावर पहिले अधिकारी रेहविंकेल यांनी उरलेल्यांना परत जहाजावर नेलं, आग विझवली आणि आठवडाभरात ओंडिना फ्रीमँटलला आणली.

विल्सन यांना डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. काही भारतीय खलाशांनाही शौर्यपदकं मिळाली, पण त्यांची नावं आज मराठी वाचकाला, अगदी कोकणातल्यालाही, माहीत नाहीत. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नौदल तळावरून जे नौदलाचं बंड पेटलं, ते ज्या खलाशांनी केलं, त्यांच्याच वर्गातली ही माणसं होती. बंडाची आठवण आपण जपली, हे योग्यच झालं. या लढाईचीही जपायला हवी होती.

बेंगाल स्वातंत्र्यानंतरही भारतीय नौदलात राहिली आणि १९६० मध्ये भंगारात काढली गेली.