धर्माबाहेरचे लग्न आणि ख्रिस्ती मंडळी

सातारा किंवा सांगलीतील एखाद्या ख्रिस्ती घरातील मुलाने वा मुलीने हिंदू, बौद्ध अथवा मुस्लिम जोडीदार निवडला, की घरात दोन प्रश्न उभे राहतात. लोक काय म्हणतील, हा पहिला. आणि लग्न चर्चमध्ये लागेल का, हा दुसरा. पहिला प्रश्न महाराष्ट्रातील कोणत्याही घराला ठाऊक आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र वाटते तितके सरळ नाही. चर्च कोणते, यावर ते अवलंबून असते. आणि त्याहून अधिक, प्रश्न लग्नाआधी विचारला जात आहे की लग्नानंतर, यावर.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्मीयांची संख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही किंचित कमी होती. त्यातील बहुसंख्य मुंबई, वसई, ठाणे, पुणे या पट्ट्यातले. कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांत हे प्रमाण त्याहून पुष्कळच कमी आहे. सातारा आणि वाई येथे अमेरिकन मराठी मिशनने, तर सांगली-मिरजेत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने काम उभे केले. मिरजेतील डॉ. विल्यम वान्लेस यांचे रुग्णालय १८९४ पासूनचे. शाळा आणि दवाखाने नावारूपाला आले, मंडळ्या मात्र लहानच राहिल्या. लहान मंडळीत रविवारी दिसणारे चेहरे तेच, नातीगोतीही तीच. एक मूल बाहेर लग्न करून गेले तर मंडळीतले एक भावी घर कमी झाले, असा हिशेब वडीलधारी माणसे मनाशी मांडतात. त्यांच्या विरोधात धर्मनिष्ठा असते तशी ही भीतीही असते, आणि ती समजून घेतल्याशिवाय हा विषय कळत नाही. शिवाय येथील अनेक ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वाश्रमीचे भाऊबंद आज हिंदू किंवा बौद्ध आहेत. 'परधर्मीय' ठरणारे स्थळ कधी कधी आजोबांच्या गावकीतलेच निघते.

शास्त्राधार विचारला, की बहुतेक पाळक करिंथकरांस लिहिलेल्या पौलाच्या दुसऱ्या पत्राकडे बोट दाखवतात. श्रद्धावंताने अश्रद्धाबरोबर एका जुवाखाली जाऊ नये, असा त्याचा आशय. उपमा शेतीतली आहे. बैल आणि गाढव एकत्र जुंपून नांगरू नये, अशी आज्ञा जुन्या करारात अनुवादाच्या पुस्तकात येते. दोघांची चाल वेगळी, ओढ वेगळी, आणि मान दोघांचीही सोलते. उसाच्या पट्ट्यातील वाचकाला हे निराळे समजावण्याची गरज नाही. खरे तर त्या उताऱ्यात पौल विवाहाचे नावही घेत नाही. पण पहिल्या पत्रात विधवेच्या पुनर्विवाहाविषयी लिहिताना त्याने हीच मर्यादा घातली आहे. लग्नाआधीच्या मैत्रीविषयी, हल्ली ज्याला डेटिंग म्हणतात त्याविषयी, बायबलमध्ये काहीच नाही, कारण तशी पद्धतच त्या काळी नव्हती. मन गुंतल्यावर सल्ला ऐकू येत नाही, म्हणून हे पाळक तोच नियम अलीकडे ओढून तरुणांना लावतात.

जुन्या करारातले चित्रही एकरंगी नाही. एज्राच्या पुस्तकात परक्या स्त्रिया आणि त्यांची मुले यांना दूर करण्याचा कठोर निर्णय आहे. त्याच बायबलमध्ये मवाबी रूथ बवाजाची पत्नी होते आणि दावीद राजाची पणजी ठरते. मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत तिचे नाव आवर्जून आले आहे. अर्थात रूथने सासूच्या देवाचा स्वीकार आधी केला होता, हे प्रतिपक्ष लगेच लक्षात आणून देतो.

प्रेस्बिटेरियन परंपरेचा सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार अशा विवाहांना स्पष्ट नकार देतो. गंमत अशी, की त्या नकाराच्या यादीत तेव्हा कॅथॉलिकही होते. आज कोणी पाळक तो भाग फारसा वाचून दाखवत नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांत निर्णयाचा भार बराचसा पाळक आणि मंडळीचे वडील यांच्यावर पडतो, त्यामुळे एका गावात मिळालेले उत्तर दुसऱ्या गावात मिळेलच असे नाही.

कॅथॉलिक चर्चमध्ये ही संदिग्धता कमी आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम १०८६ नुसार स्नानसंस्कार न झालेल्या व्यक्तीशी कॅथॉलिकाने केलेला विवाह, सूट घेतली नसेल तर, चर्चच्या दृष्टीने अवैध ठरतो. ही सूट देण्याचा अधिकार बिशपांकडे असतो. त्यासाठी कॅथॉलिक पक्षाने आपली श्रद्धा सोडणार नाही असे जाहीर करावे लागते आणि मुलांचा स्नानसंस्कार व संगोपन कॅथॉलिक पद्धतीने व्हावे यासाठी शक्य ते सर्व करीन, असे वचन द्यावे लागते. दुसऱ्या पक्षाकडून वचन घेतले जात नाही, त्याला याची पूर्वकल्पना दिली जाते. १९१७ च्या संहितेत दोघांकडूनही हमी अपेक्षित होती. पोप पॉल सहावे यांच्या १९७० च्या आदेशाने ती अट सैल झाली. या सुटीसाठी हिंदू वा बौद्ध जोडीदाराने धर्म बदलावा अशी अट नाही. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे कितीतरी घरांत निष्कारण रणे माजतात.

कायद्याचे अंगण याहून वेगळे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी विवाह लागू शकतो. अडवते ती चर्चची स्वतःची शिस्त. दुसरा मार्ग १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. दोघांपैकी एकाचे किमान तीस दिवस वास्तव्य असलेल्या जिल्ह्यात नोटीस, तीस दिवसांची मुदत, मग तीन साक्षीदारांसमोर विवाह. देवळात हार घालून काम भागते, हा समज मात्र महागात पडतो. हिंदू स्त्री आणि कॅथॉलिक पुरुष यांनी हिंदू पद्धतीने केलेला विवाह, हिंदू विवाह कायद्याखाली नोंदवलेला असूनही, सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये शून्य ठरवला. त्या कायद्याला दोन्ही पक्ष हिंदू असावे लागतात. आणखी एक बारकावा शेतकरी कुटुंबांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. हिंदू एकत्र कुटुंबातील मुलाने विशेष विवाह कायद्याखाली ख्रिस्ती मुलीशी लग्न केले, तर तो कुटुंबातून विभक्त झाला असे कायदा मानतो. त्याचा हिस्सा बुडत नाही. पण पुढचा वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो.

हे सारे लग्नाआधीचे. लग्न झालेले असेल, तर तोच पौल जवळजवळ उलट दिशेने बोलतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो सांगतो, की अश्रद्ध जोडीदार नांदायला तयार असेल तर त्याला सोडू नये, कारण त्या घराला एकाच्या श्रद्धेने पावित्र्य येते. तो आपणहून निघून गेला तर मात्र दुसऱ्यावर बंधन नाही. याच शेवटच्या मुभेच्या धर्तीवर ब्रिटिश सरकारने १८६६ मध्ये नवख्रिस्ती व्यक्तींच्या विवाहविच्छेदाचा कायदा केला होता.

मराठी माणसाला या अध्यायाचे भाष्य शोधायला दूर जावे लागत नाही. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई हिंदूच होत्या आणि त्यांना विचारलेही नव्हते. चार-पाच वर्षांची ताटातूट झाली, पण कायद्याची वाट कोणी धरली नाही. लक्ष्मीबाई परत आल्या त्या आपले सोवळे घेऊन. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात त्यांचे खाणेपिणे निराळे राहिले. जातिभेद माणसाने केलेला आहे, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने पोचल्या आणि १९०० साली, स्वतःच्या निर्णयाने, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला हे ठाऊक असते. मंडळ्यांमध्ये मात्र आजही पौलाचे दोन सल्ले एकमेकांत मिसळले जातात. लग्न लागून वर्षे लोटलेल्या जोडप्याला जुवाची उपमा ऐकवली जाते आणि चर्चचे दार मिळावे म्हणून लग्नाच्या आठवड्यात घाईने बाप्तिस्मा उरकला जातो. पहिल्याने मोडू नये ते घर मोडकळीला येते. दुसऱ्याने संस्काराचा दाखला तेवढा हाती येतो.

टिळक १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून साताऱ्याला आले आणि तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र बसावेत, अशी त्यांची योजना होती. पुढे दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.