क्रिप्टॉनच्या बदलत्या कैफियती

ज्या १९३८ साली विनोबा आपल्या पवनारला धामतीरी वास्तव्यास आले, त्याच साली जेरी सीगल आणि जो शूस्टर यांचा सुपरमॅन प्रथम प्रकाशित झाला. परंतु त्याची मातृभूमी त्या कथेत एका चौकटीपुरतीच, निनावी आणि वार्धक्याने नष्ट झालेली, अशी येते. 'क्रिप्टॉन' हे नाव तिला १९३९च्या वृत्तपत्रीय चित्रमालिकेत लाभले, आणि पुढे रत्नांचे पर्वत, अग्निप्रपात, १९५८ साली बाटलीत बंदिस्त सापडलेले कँडोर नगर, असे ऐश्वर्य तिच्यावर चढत गेले.

हा सारा जुना दस्तऐवज जॉन बर्न यांनी १९८६च्या 'द मॅन ऑफ स्टील' या सहा अंकी मालिकेत रद्दबातल ठरवला. त्यांचा क्रिप्टॉन थंड आणि निर्जीव आहे; तेथे अपत्य मातेच्या उदरात नव्हे, तर यंत्रगर्भात वाढते, आणि देवळी-आर्वीच्या शिवारात नित्य दिसावा तसा उघड्या अंगाचा मनुष्य पृथ्वीवर पाहून नायकाची माता लारा हिला किळस येते! माझ्या मते सर्व मसुद्यांत हाच श्रेष्ठ, कारण नायकाचे पृथ्वीवरील प्रेम येथे नाइलाजाचे न राहता स्वेच्छेचे ठरते.

मार्क वेड यांनी २००३च्या 'बर्थराइट'मध्ये ते वैभव व आई-बापांची ममता पुन्हा बहाल केली, आणि छातीवरील चिन्हास आशेचा अर्थ दिला. नवख्या वाचकाने मात्र आरंभ बर्न यांच्या पहिल्या अंकापासूनच करावा, ही आग्रहाची विनंती.