घोड्याची सोबत (लेखांक ७) : रवंथ न करणारं पोट

घोड्याला ओकता येत नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो, आणि नलिका अशा तिरक्या कोनातून जठरात शिरते, की आत गेलेल्या घासाला परतीची वाटच उरत नाही. जठर फुगून फाटेल, पण उलटी होणार नाही. घोडा पाळणाऱ्याने, पाळू पाहणाऱ्याने किंवा सहलीत त्याच्या तोंडासमोर प्रेमाने काही धरणाऱ्याने सगळ्यात आधी एवढं समजून घ्यावं. आपण काय किंवा घरचा कुत्रा काय, नको ते बाहेर टाकून मोकळे होतो. घोड्याच्या पोटात जे गेलं ते पंचवीस-तीस मीटर लांबीच्या आतड्यांतून पुढेच सरकावं लागतं.

मागच्या लेखांकात खुरांची आणि नालबंदाच्या कामाची ओळख झाली. घोड्याला जागच्या जागी खिळवून टाकणाऱ्या खुरांतल्या सुजेचं मूळ पुष्कळदा पायात नसतं, दाण्याच्या टोपलीत असतं, असं तिथे ओझरतं म्हटलं होतं. या वेळी त्या टोपलीकडे वळू.

आपल्याकडे खेड्यात घोडं ज्या घरी येतं तिथे बहुधा आधीपासून गुरं असतात. मग गोठ्यातच एका कडेला दावं बांधायचं, सकाळ-संध्याकाळ कडबा टाकायचा, बैलांसाठी पेंड भिजवली की त्यातली दोन ओंजळी घोड्यालाही घालायची, हे ओघानेच होतं. यात हयगय नसते, उलट माया असते. पण बैलाच्या पोटाचं गणित घोड्याला लावलं की घोडं आजारी पडतं, आणि का पडतं हे नीट कळलं तर पुढचं बरंच आपोआप उमगतं.

बैलाच्या पोटात पहिलाच कप्पा सगळ्यात मोठा असतो. तिथे जिवाणू चारा आंबवतात. बैल भराभर खाऊन घेतो, निवांत बसतो, तेच पुन्हा तोंडात आणून रवंथ करतो आणि पचायला अवघड ते सगळं पहिल्या टप्प्यातच मार्गी लागतं. घोड्याकडे हा कप्पा नाही. त्याचं जठर अंगाच्या मानाने फार लहान. थोराड घोड्याचंही आठ ते पंधरा लिटरांचं. त्यातून घास लहान आतड्यात जातो आणि चाऱ्यातला चोथा आंबवणारे जिवाणू भेटतात ते त्याही पुढे, अंधांत्रात आणि मोठ्या आतड्यात. म्हणजे बैलाकडे जी भट्टी दाराशी आहे ती घोड्याकडे परसात आहे.

या एका फरकातून घोड्याचा सगळा दिनक्रम निघतो. लहान जठर एकदम भरून चालत नाही, म्हणून मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास चरतो. थोडं खातो, चार पावलं पुढे जातो, पुन्हा खातो. त्याच्या जठरात आम्लही चोवीस तास पाझरत असतं, पोटात अन्न असो वा नसो. त्या आम्लाचा जोर मोडते ती लाळ, आणि घोड्याची लाळ सुटते ती चावतानाच. समोर आठ-दहा तास काडी नसली की आम्ल रिकाम्या जठराला खात बसतं. शर्यतीच्या तबेल्यांत दाणा भरपूर, चारा मोजका आणि उभं राहणं चौकोनी खोलीत. तिथल्या घोड्यांत जठराचे व्रण इतके सर्रास आढळतात, याचं मुख्य कारण हेच. महागडा घोडा आणि गावातलं तट्टू यांचं पोट एकाच घडणीचं असतं.

आता दाण्याचं. हरभरा, ओट, मका, बाजरी यांतलं पिठूळ सत्त्व लहान आतड्यात पचलं पाहिजे. पण लहान आतड्याची एका वेळची ताकद बेताची असते. एकदम पायलीभर दाणा घातला की उरलेलं पिठूळ तसंच मागच्या भट्टीत घुसतं. तिथले चोथा पचवणारे जिवाणू मरू लागतात, पिठावर पोसणारे फोफावतात, लॅक्टिक आम्ल वाढतं, आतड्याचं अस्तर सोलपटतं आणि विषारी द्रव्यं रक्तात उतरतात. पोट फुगतं. पाठोपाठ खुराच्या आतलं हाड आणि खुराचं कवच यांना सांधणारे पापुद्रे सुजतात. घोडा पुढचे पाय लांब टाकून, भार मागे झोकून उभा राहतो आणि एक पाऊल टाकायला तयार होत नाही. लोक नाल काढून बघतात, खडा शोधतात. दोष मात्र आदल्या रात्री उघड्या राहिलेल्या धान्याच्या पोत्यात असतो.

तीन-साडेतीनशे किलोच्या घोड्याला एका वेळी दीड किलोहून जास्त दाणा नको. जास्त काम असेल आणि चंदी वाढवायचीच असेल, तर तोबऱ्याच्या वेळा वाढवाव्यात, तोबरा मोठा करू नये. चंदीआधी तोंडात गवत गेलेलं असावं. आणि कोणताही बदल, अगदी चांगला बदलसुद्धा, आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा, कारण मागच्या भट्टीतल्या जिवाणूंना नव्या चाऱ्याची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. पहिल्या पावसानंतर हिरवंगार गवत फुटतं तेव्हा उन्हाळाभर वाळकं खाल्लेला घोडा त्यात दिवसभर सोडायचा मोह होतो. तो मोह आवरावा.

एक इशारा इथेच देतो, कारण तो जिवाशी आहे. कोंबड्यांच्या आणि काही गुरांच्या तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला आणि गाईला ते मानवतं. घोड्याच्या हृदयाच्या स्नायूला ते अगदी थोड्या मात्रेतही मारक ठरतं आणि त्यावर उतारा नाही. पोल्ट्री आणि घोडा एकाच आवारात असतील तर खाद्याची पोती वेगळ्या खोलीत, कडी घालून ठेवावीत. तसंच हिरव्या ज्वारीचं. कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात हे शेतकऱ्याला माहीत असतं. घोड्याला ज्वारीच्या कुळातलं हिरवं गवत सतत मिळालं तर मूत्राशयाचा आणि मागच्या पायांतली ताकद जाण्याचा विकार जडतो. वाळलेला, बारीक कुट्टी केलेला, बुरशी नसलेला कडबा वेगळा.

मग रोज द्यायचं किती? सुका चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे तीनशे किलोच्या घोड्याला दिवसाकाठी पाच-सहा किलो, आणि तो दोनदा न टाकता चार-पाचदा विभागून. शेवटची पेंढी रात्री झोपण्यापूर्वी. मिठाचा खडा चाटायला. आणि पाणी, ज्याच्याकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. उन्हाळ्यात काम करणारा घोडा तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितो. थंडीत गारठलेलं पाणी तो टाळतो, आतला चारा कोरडा पडतो आणि मोठं आतडं जिथे वळसा घेऊन एकाएकी अरुंद होतं, नेमका तिथे चोथ्याचा बोळा अडकतो. डिसेंबरात कोमट पाण्याची एक बादली पुष्कळ औषधं वाचवते.

शिवकाळातलं एक पत्र या संदर्भात मला फार मोलाचं वाटतं. १६७० च्या दशकात चिपळूणजवळच्या दळवटण्याच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी ते पाठवलं. रयतेच्या भाजीपाल्यालाही हात लावू नका, या ताकिदीसाठी ते प्रसिद्ध आहे. पण ताकिदीच्या मुळाशी आहे पागेचा दाणा आणि गवत. पावसाळ्याच्या बेगमीचा साठा आताच वाटेल तसा खर्चाल तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील, ती तुम्हीच मारल्यासारखं होईल आणि मग तुम्ही रयतेला त्रास द्यायला लागाल, असा तो सरळ हिशेब आहे. पुढे तर छावणीत कोणी दिवा जळता ठेवला, उंदराने पेटती वात ओढून नेली, तर गवताच्या गंजी कशा पेटतील, इथवर काळजी केली आहे. त्या काळी गंजी जळली की पागा संपली. राजाने गवताचा हिशेब स्वतः मांडावा यात मला घोड्याची खरी जाण दिसते. आजही माणसाने घोडं घेण्याआधी खोगीर बघू नये. जून ते सप्टेंबरचा कोरडा चारा कुठे ठेवणार, हे बघावं.

पोट बिघडलं, हे ओळखायचं कसं? जुन्या मोतद्दाराला “मामा, घोडं कसं आहे?” असं विचारलं तर तो “सकाळी लीद टाकली चांगली,” असं सांगतो. त्याचं उत्तर अचूक असतं. निरोगी घोडा दिवसातून आठ-दहा वेळा तरी लीद टाकतो. ती पडायची थांबली, गोळे लहान आणि कोरडे झाले, त्यावर चिकट पडदा दिसला, की लक्ष द्यायचं. लीद पाण्याने भरलेल्या पारदर्शक बरणीत कालवून ठेवली आणि तळाशी रेती बसली, तर घोडा जमिनीवरून चाऱ्याबरोबर माती खातो आहे. त्याला गव्हाण किंवा रबरी चटई द्यायला हवी.

पोटशूळ उठला की घोडा मान वळवून कुशीकडे बघतो, पुढच्या खुराने जमीन उकरतो, वरचा ओठ मुडपतो, बसतो, उठतो, पुन्हा बसतो, लोळतो, घामाने थबथबतो. अशा वेळी तीन गोष्टी बघाव्यात आणि डॉक्टरांना फोनवरच सांगाव्यात. जबड्याच्या हाडाखाली बोटाला लागणारी नाडी: शांत घोड्याची मिनिटाला २८ ते ४४, साठीच्या वर गेली आणि तशीच राहिली तर प्रकरण गंभीर. हिरड्या: ओलसर गुलाबी असाव्यात, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परतावा. आणि कुशीला कान लावून आतला गुडगुडाट. आतडी चालू असतील तर तो सतत ऐकू येतो. पूर्ण शांतता वाईट.

डॉक्टर येईपर्यंत समोरचा चारा काढून घ्यावा, घोडा शांतपणे थोडा चालवावा, तो निवांत पडून राहिला तर राहू द्यावा. नळीने, बाटलीने, बांबूच्या फोकाने तेल किंवा काढा घशात ओतू नये. दुखण्याने तडफडणाऱ्या घोड्याचा तो घोट फुप्फुसात जातो आणि पोटाने वाचलेला घोडा न्यूमोनियाने जातो. डॉक्टर नाकातून नळी जठरात घालतात ती याचसाठी; ओकता न येणाऱ्या पोटातला दाब त्याच वाटेने मोकळा होतो. घरात असलेलं वेदनाशामक इंजेक्शन आपणच पुन्हा पुन्हा टोचू नये. दुखणं झाकलं जातं, पीळ पडलेलं आतडं तसंच राहतं. बहुतेक शूळ औषधांनी उतरतात. थोड्यांना शस्त्रक्रिया लागते, आणि अशा घोड्यांसाठी तासाला किंमत असते.

लग्नसराईत वरातीच्या घोड्याला मांडवातून बुंदी, पुऱ्या, भात, जिलेबी मिळत राहते. देणारी बहुतेक लहान मुलं असतात आणि त्यांचे डोळे आनंदाने चमकत असतात. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून घोड्यावर बसणारी कुटुंबंही उतरताना बिस्किटांचा पुडा पुढे करतात. मला मुलांचा तो आनंद हिरावून घ्यायचा नाही. मालकाला विचारून गाजराची एक लांब चीर किंवा मूठभर गवत द्यावं. चीर लांब असावी, गोल चकती घशात अडकते. आणि ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी घोडेवाल्याला एवढं तरी विचारावं, की दादा, याने गवत कधी खाल्लं, पाणी कुठे पाजू? पाचशे माणसांच्या पंगतीच्या शेजारी हा प्राणी तासन् तास उपाशी उभा असतो.

उपाशी घोडा सोडवून आणणाऱ्यांचं काम याहून अवघड आहे, आणि इथे चांगल्या मनानेच घात होतो. बरगड्या मोजता येतात, कण्याच्या दोन्ही बाजू खोल गेल्या आहेत, शेपटीचं मूळ उघडं पडलं आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत टेक्सासला डॉन हेनेकी यांनी घोड्याची अंगलट मोजण्याची एक ते नऊची पट्टी तयार केली; हाताने मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत सहा जागा चाचपून गुण द्यायचे. असा घोडा त्या पट्टीवर पहिल्या पायरीवर असतो. त्याला बघून कोणाचंही मन भिजवलेल्या हरभऱ्याची पाटी पुढे करायला धावतं. ती पाटी त्याचा जीव घेऊ शकते. दीर्घ उपासात शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळत असतं. अचानक पिठूळ मिळालं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम पेशींत खेचलं जातं, आणि घोडा उपासाने नाही मरत तो तीन-चार दिवसांच्या खाण्याने मरतो, हृदय आणि फुप्फुसं बंद पडून.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी यावर काम केलं आणि त्यात वाळवलेला लसूणघास सर्वांत सुरक्षित ठरला, कारण त्यात पिठूळ कमी आणि प्रथिनं, फॉस्फरस, मॅग्नेशियम जास्त. पहिले तीन दिवस दर चार तासांनी फक्त अर्धा किलो, रात्रीसुद्धा. चौथ्या दिवसापासून दहाव्यापर्यंत प्रमाण थोडंथोडं वाढवत न्यायचं आणि खेपा कमी करायच्या. दाणा नाही, गूळ नाही, तेल नाही. पाणी कायम समोर, पशुवैद्य रोज. दर चार तासांनी रात्री उठणारं माणूस नसेल तर घोडा आणण्याआधी ते शोधावं. सोडवणुकीसाठी वर्गणी मिळते, पहाटे तीनला उठणारे हात मिळत नाहीत.

काहींच्या बाबतीत उशीर झालेला असतो. डोरोथी ब्रुक या बाई १९३० मध्ये कैरोला गेल्या तेव्हा पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने विकून टाकलेले घोडे तिथे म्हातारे, लंगडे होऊन ओझी ओढताना त्यांना दिसले. त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून पैसा उभा केला, काही वर्षांत सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले आणि १९३४ मध्ये तिथे रुग्णालय काढलं. त्या घोड्यांतल्या बहुतेकांना वेदनेतून कायमचं सोडवण्यापलीकडे काही करता आलं नाही, आणि त्यांनी ते टाळलं नाही. पशुवैद्य तसं सांगत असेल तर ऐकायचं धैर्य हासुद्धा सांभाळण्याचाच भाग आहे, असं मी मानतो.

जे वाचतात त्यांचं वजन भरायला तीन ते सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. या काळात खोगीर लावू नये. लसूणघास नीट मिळूनही महिन्याभरात अंगावर काहीच चढत नसेल, तोंडातून अर्धवट चावलेल्या गवताच्या गुंडाळ्या खाली पडत असतील आणि लिदीत अख्खे दाणे दिसत असतील, तर पोटाचा दोष नाही. तोंड उघडून दात बघायला हवेत. ते पुढच्या आठवड्यात.