नळी निघाल्यावर फुफ्फुस उघडं कसं राहतं?

फार लठ्ठ माणसाला उताणं झोपलं की धाप लागते. उशा रचल्या की बरं वाटतं. आडवं झाल्यावर पोटाचा भार श्वासपटलाला वर रेटतो आणि फुफ्फुसाच्या तळाचे वायुकोश मिटू लागतात.

म्हणूनच अशा माणसाला व्हेंटिलेटर लावला असेल, तर तो काढण्याचा क्षण नाजूक असतो. व्हेंटिलेटर श्वास सोडल्यावरही छातीत थोडा दाब राखतो; श्वासनलिकेतली नळी काढली की तो दाब जातो. मिटलेला वायुकोश उघडणं कोरा फुगा फुगवण्यासारखं, पहिली फुंकरच जड. त्यात झोपेत घसाही मिटू शकतो.

म्हणून अशा रुग्णाला दम लागायची वाट न बघता बायपॅप यंत्राचा घट्ट मास्क लावणं उत्तम. श्वास घेताना जास्त दाब, सोडताना कमी, पण शून्य कधीच नाही. मास्क सोसवत नसेल तर नाकातून मिनिटाला ६० लिटरपर्यंत कोमट, दमट, प्राणवायुयुक्त हवा देतात. पलंगाची डोक्याकडची बाजू उचललेली असते.

नुसत्या प्राणवायूने बोटावरच्या यंत्रातला प्राणवायूचा आकडा सुधारतो, साचलेला कार्बन डायऑक्साइड मात्र बाहेर पडत नाही. मास्कच्या कडेने हवा सुटताना जाणवली तर परिचारिकेला लगेच सांगा. त्या फटीतून दाबच निघून जात असतो.